आपला कागद लवकर का मरतो?

लखनौच्या चारबाग स्टेशनवर १९१६ साली गांधी आणि नेहरू पहिल्यांदा भेटले. काँग्रेसच्या अधिवेशनासाठी दोघेही शहरात आले होते. त्या भेटीची खूण स्टेशनवर आजही जपलेली आहे आणि गाडीची वाट पाहणारा कुणीही ती वाचू शकतो. त्याच १९१६ साली, याच शहरात, भदंत बोधानंद महास्थवीर यांनी भारतीय बौद्ध समितीची स्थापना केली. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या ४० वर्षं आधीची ही गोष्ट. लालकुआँच्या रिसालदार पार्कातला त्यांचा बुद्धविहार चारबागहून फार लांब नाही. पण त्या चळवळीचे कागद शोधायला मी गेली तीन वर्षं चारबागला उतरते आहे आणि ते मला बहुतेक वेळा सापडतात ते लोकांच्या घरात. पलंगाखालच्या पेटीत, माळ्यावरच्या पोत्यात, कधी गहू ठेवायच्या पत्र्याच्या कोठीत.

हेच लखनौ शहर भारतातल्या जतनशास्त्राची राजधानी म्हणावं असं आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अलीगंजमध्ये, राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ही प्रयोगशाळा १९७६ साली सुरू झाली. ओ. पी. अग्रवाल तिचे पहिले संचालक. संग्रहालयातली चित्रं, हस्तलिखितं, धातूच्या मूर्ती, कापड, लाकूड, दगड या गोष्टी कशाने खराब होतात, ती झीज कशी थांबवायची, कुठलं रसायन वापरायचं आणि कुठलं अजिबात वापरायचं नाही, याचा अभ्यास तिथे होतो. देशभरातल्या संग्रहालयांच्या कर्मचाऱ्यांना तिथे प्रशिक्षण मिळतं. म्हैसूरलाही तिची शाखा आहे.

रिसालदार पार्क आणि अलीगंज एकाच शहरात आहेत. रिक्षाने तासाभरात एकीकडून दुसरीकडे जाता येतं. तरीही आपल्या पेटीतला कागद त्या प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत सहसा पोचत नाही. तो का पोचत नाही, हे या लेखात मांडायचं आहे. कारण हे अंतर रसायनशास्त्राने तयार केलेलं नाही.

आधी थोडं रसायन समजून घेऊ, कारण त्यातही जात आणि पैसा आहेच. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. जुना हातकागद चिंध्यांपासून, सुतापासून, तागापासून बनत असे. त्याचे तंतू लांब आणि मजबूत असत, आम्ल कमी असे. पेशवे दफ्तरातले मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही उलगडून वाचता येतात, त्याचं हे मोठं कारण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद बाजारात आला. त्यातल्या सर्वांत स्वस्त कागदात लाकूड नुसतं दळून घेतात, त्यामुळे लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं. हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. कागद पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग घडीवर तुटतो आणि शेवटी बोटांत भुगा उरतो. यासाठी वाळवी लागावी लागत नाही. कागद स्वतःच स्वतःला खात असतो.

आता आपला लिखित इतिहास कधीचा आहे ते बघा. ज्यांना अक्षर ओळखायलाच बंदी होती, त्यांच्या घरात ताडपत्राच्या पोथ्या असणार कुठून? आपण लिहायला लागलो ते छापखान्याच्या काळात. महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चा, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चा, ‘जनता’ १९३० चा. म्हणजे हलका, आम्लधारी कागद बाजारात सर्रास मिळू लागला, नेमका त्याच काळात आपल्या हाती लेखणी आली. आणि त्यातलाही आपल्याला परवडला तो सर्वांत स्वस्त कागद. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले तेव्हा तो उभा राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या गोष्टीतच आर्थिक स्थिती लिहिलेली आहे. लखनौला चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी बहुजन कल्याण प्रकाशन चालवलं. रिक्षावाल्याला, मोलमजुरी करणाऱ्याला विकत घेता येतील अशा छोट्या पुस्तिका छापल्या. किंमत कमी ठेवायची तर कागद हलकाच घ्यावा लागणार. वाचक गरीब म्हणून कागद स्वस्त, आणि कागद स्वस्त म्हणून आयुष्य कमी. राजाचं फर्मान आणि महाराची पत्रिका एकाच दमट खोलीत ठेवली, तरी पत्रिका आधी मरेल.

त्यात आपल्या कागदाला कसर आणि आम्ल यांच्या जोडीने आणखी एक शत्रू आहे, पोलीस. पेरियार रामसामींचं रामायणावरचं पुस्तक ललई सिंह यांनी ‘सच्ची रामायण’ नावाने हिंदीत १९६८ साली छापलं. १९६९ साली उत्तर प्रदेश सरकारने त्याच्या जप्तीचा हुकूम काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो निकाल कायम ठेवला. योगायोग बघा, ज्या वर्षी लखनौत देशाचा ठेवा जपायची प्रयोगशाळा उघडली, त्याच वर्षापर्यंत त्याच राज्याचं सरकार आपलं एक पुस्तक जप्त राहावं म्हणून कोर्टात लढत होतं.

प्रयोगशाळेतले लोक जातीवादी आहेत, असं माझं म्हणणं नाही. आम्ल काढताना ब्रश कुणाची जात विचारत नाही. पण वस्तू टेबलावर येण्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं की ही वस्तू जपण्यासारखी आहे. जातीचं काम तिथे होतं.

एक उदाहरण पुरे आहे. २००३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हस्तलिखित मिशन सुरू केलं. त्याची हस्तलिखिताची व्याख्या अशी: कागद, भूर्जपत्र, ताडपत्र, कापड, धातू यांवर हाताने लिहिलेलं, किमान ७५ वर्षं जुनं आणि वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेलं. छापील पुस्तकं आणि शिळाछाप यात धरले जात नाहीत, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने हे काम आणखी वाढवायचं जाहीर झालं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. हस्तलिखितं जपलीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या समाजांना हाताने लिहू दिलं नाही, त्यांना वारशाच्या मोजणीत हाताने लिहिलेलंच दाखवा म्हणायचं, याला काय म्हणावं? व्याख्येत कुठेही जातीचा उल्लेख नाही. तिला गरजच नाही.

वयाची अट घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूंसाठी १०० वर्षं आणि कागदपत्रांसाठी ७५ वर्षं ही मर्यादा आहे. त्याच १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. पँथरचं पहिलं पत्रक कायद्याने वारसा व्हायला २०४७ साल उजाडेल. नामांतराची शेवटची पत्रकं १९९४ ची, त्यांना २०६९ पर्यंत थांबावं लागेल. सायक्लोस्टाइल केलेला, चारदा घडी घातलेला, मोर्चात घामाने भिजलेला तो कागद तोवर थांबणार आहे का? एका ग्रंथालयात मी अशी पत्रकं जमा करून घ्याल का विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, ही पत्रकं आहेत, दस्तऐवज नाहीत.” तो माणूस उद्धट नव्हता. त्याला शिकवलेलं तो बोलत होता.

आणि हे सांगताना मला नेहमी जात पडताळणीची रांग आठवते. हा लेख वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांनी ती रांग पाहिली आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरचा उतारा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे मुलगा तहसीलच्या खेपा घालतो आणि रजिस्टरचं नेमकं तेच पान वाळवीने खाल्लेलं निघतं. म्हणजे जुन्या कागदाचं मोल काय, हे आपल्या लोकांना कुणी संग्रहालयशास्त्रज्ञाने शिकवायची गरज नाही. एका पानावर पोराचं मेडिकलचं सीट अडतं, हे आपण जगलो आहोत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं ठरलं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे बोलावले गेले, लाखो नोंदी काढल्या गेल्या. राज्याला हवं असलं की कागद सापडतो, वाचला जातो, जपला जातो. जात सिद्ध करायला पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागणारं हे राज्य, जातीविरुद्ध लढल्याचा कागद मात्र जपण्यालायक समजत नाही.

कागदाची ही कथा बाबासाहेबांनाही चुकली नाही. १९६७ च्या जानेवारीत दिल्लीच्या २६, अलीपूर रोडच्या बंगल्यातून माईसाहेबांना बाहेर काढलं गेलं, तेव्हा बाबासाहेबांची कितीतरी कागदपत्रं उघड्यावर पडली आणि पावसात गेली, असं त्या काळाच्या आठवणींतून वाचायला मिळतं. उरलेली कोर्टकचेऱ्यांतून सोडवून आणायला वर्षं लागली. महाराष्ट्र शासनाची साहित्य प्रकाशन समिती १९७६ मध्ये झाली आणि पहिला खंड १९७९ मध्ये आला, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर २३ वर्षांनी. वसंत मून यांच्यासारखा माणूस त्यामागे लागला नसता तर आज आपण ज्या खंडांतून उतारे काढून प्रबंध लिहितो, त्यातले किती हाती लागले असते?

वस्तूंचं तेच. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. धम्मदीक्षेच्या सोहळ्याच्या आयोजनात पुढे असलेले वामनराव गोडबोले यांनी तिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या: कोट, कपडे, टाइपरायटर. हे काम सरकारने केलेलं नव्हतं, कार्यकर्त्यांनी केलं. पुढे अनेक वर्षं या वस्तूंच्या दुरवस्थेच्या बातम्या येत राहिल्या, मग केव्हातरी त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करायचं काम नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, हाती घेतलं गेलं. लोकरी कोटाला कसर लागते, घडीवर धागा तुटतो, उजेडाने रंग उडतो. हे सगळं शास्त्राला ठाऊक होतं आणि त्यावरचे उपायही ठाऊक होते. ज्याच्या जयंतीला पंतप्रधानांपासून सरपंचांपर्यंत सगळे हार घालतात, त्याच्या कोटाला शास्त्र मिळायला इतकी वर्षं लागत असतील, तर तुमच्या-माझ्या आजीने ५६ साली दीक्षाभूमीवर नेसलेल्या पांढऱ्या लुगड्याची काय कथा?

आता वस्तू घडवणाऱ्या हातांबद्दल. कुठल्याही संग्रहालयात जा. चामड्याची ढाल, खोगीर, तलवारीची म्यानं, पखवाज, हलगी, चर्मवाद्यांचं अख्खं दालन. पाटीवर राजाचं नाव असतं, शतक असतं, ‘चामडे’ असं माध्यम असतं. ते कातडं कुणी कमावलं ते नसतं. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या पाण्यात कातडं किती दिवस मुरवायचं, चुन्यातून कधी काढायचं, कुठल्या ऋतूत काय बदलायचं, हे ज्ञान ढोरांच्या, चांभारांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधतं आणि कातडं कुजायचं थांबतं, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितलं. कुजणाऱ्या गोष्टीला शंभर वर्षं टिकवणं, हीच जर जतनाची व्याख्या असेल, तर या देशातले पहिले जतनशास्त्रज्ञ गावकुसाबाहेर राहत होते.

पोथ्या जपायला कडुलिंबाची पानं, वेखंड, तांबडं कापड वापरत, याचा अभ्यास झाला, ‘पारंपरिक भारतीय जतनपद्धती’ म्हणून त्याला मान मिळाला. योग्यच झालं. पण कातडं कमावण्याला त्या यादीत त्याच मानाने कुणी बसवलं का? पोथी जपणाऱ्याचं ते ज्ञान आणि कातडं जपणाऱ्याचा तो विटाळ, ही वाटणी संग्रहालयाच्या दारात संपत नाही. चामड्याच्या वस्तूंवर काम करणाऱ्या विभागात चामड्याच्या घरातून आलेला पदवीधर अधिकारी म्हणून बसलेला दिसला, तर मला ते स्वातंत्र्यानंतरचं मोठं वैज्ञानिक काम वाटेल.

माझ्या काही मित्रांचा यावर आक्षेप असतो. माणसं गटारात मरताहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तू कागदाचं काय घेऊन बसलीस? काही म्हणतात, संग्रहालयात गेलेली चळवळ मेलेली असते. हे दोन्ही आक्षेप मी हलके मानत नाही. पण गटारात मेलेल्या माणसाच्या भरपाईच्या दाव्यात काय लागतं? हजेरीचा कागद, ठेकेदाराची चिठ्ठी, एखादा फोटो. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार फुटतात तेव्हा काय उरतं? लेखी तक्रारीची पोच. जपलेला कागद हा मेलेल्या चळवळीचा अवशेष नसतो, पुढच्या लढ्याचा पुरावा असतो. याच लखनौत गोमतीनगरला आंबेडकर स्मारक उभं राहिलं तेव्हा दगडावर पैसे उधळले म्हणून केवढी ओरड झाली. मला ते दगड आवडतात. शहराच्या मोक्याच्या जागी आपण कोरले गेलो, ही साधी गोष्ट नाही. पण दगडाला पावसाची भीती कमी. आता वेळ कागदाची आहे, कारण तो आपल्यासाठी थांबणार नाही आणि ज्यांच्या पेट्यांत तो आहे ती माणसंही ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

मग मागायचं काय? चार गोष्टी. एक, सरकारी जतन योजनांत छापील पत्रकं, लघुपत्रं, वृत्तपत्रं, वह्या, फोटो, ध्वनिफिती यांना जागा हवी आणि वयाची अट कागदाच्या प्रकृतीवरून ठरावी. न्यूजप्रिंटला ७५ वर्षं थांबवणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणं. दोन, प्रयोगशाळांनी विहारांत, वस्त्यांत, ग्रामीण वाचनालयांत शिबिरं घ्यावीत. पेटी प्रयोगशाळेकडे येणार नाही, प्रयोगशाळेने पेटीकडे जावं आणि कागद मालकाच्याच घरात राहू द्यावा. तीन, बार्टीसारख्या संस्थांनी स्पर्धा परीक्षांच्या जोडीला जतनशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी विद्यावेतन द्यावं. आपल्यात रसायनशास्त्राचे, सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर भरपूर आहेत आणि असं काही क्षेत्र असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बिनपगारी उमेदवारी करायला ज्याच्या घरी भाडं येतं तोच जाऊ शकतो. चार, संग्रहालयाच्या पाटीवर घडवणाऱ्या समाजाचं नाव यावं, जात म्हणून हिणवायला नाही, ज्ञानाचा मालक म्हणून.

पण सरकारची वाट पाहायला कागदाला सवड नाही. म्हणून हे घरी करता येण्यासारखं. जुना कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही आणि आतलं आम्ल आतच राहतं. जतनशास्त्राचा पहिला नियम हाच, की केलेलं काम उद्या उलटवता आलं पाहिजे. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तिचा डिंक तपकिरी डाग पाडतो. पिना, क्लिपा काढून टाका, त्या गंजतात. रबरबँड नको. घडी उघडून कागद सपाट ठेवा, मध्ये धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड किंवा मिळाल्यास आम्लमुक्त कागद घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल शेजाऱ्याला लागतं. पेटी जमिनीपासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा, पावसाळ्यानंतर उघडून सावलीत हवा द्या. भिजलेला कागद उन्हात टाकू नका. मूळ फोटो भिंतीवर लावण्याऐवजी त्याची प्रत लावा. हात धुऊन, कोरडे करून प्रत्येक पानाचा मोबाइलने दिवसाच्या उजेडात फोटो काढा. आणि सर्वांत महत्त्वाचं, पेटीतल्या माणसाला विचारा: हे कुणी छापलं, कुणी वाटलं, फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण? ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा. नाव नसलेला फोटो वीस वर्षांनी कुणाचाच नसतो.

२० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला १०० वर्षं पूर्ण होतील. मंच लागतील, भाषणं होतील, नवे बॅनर छापले जातील. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्या हजारो माणसांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? उरलेल्यांची नावं कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी वहीत, पावतीत, पत्रात असतील. ती अजून वाचता येत असतील, तर ती वाचणारी पहिली शिकलेली पिढी आपली आहे. या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात, की घर झाडणाऱ्या आईला एवढंच सांगा, ती जुनी पेटी रद्दीवाल्याला देऊ नकोस, आधी मला बघू दे.

जय भीम.